डाळमिलमधली सरळ रांग

“सर, आमच्या गटाचा कारखाना ठरला आहे. आठ दिवस द्या, त्या डाळमिलचं रूप पालटून दाखवतो.”

कोकिळेनं हे भर वर्गात, उभं राहून सांगितलं. अख्ख्या वर्गात ती एकटीच मुलगी. ती बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरचे झोपलेलेही जागे व्हायचे. त्या दिवशी तिचा आवाज असा काही खणखणीत लागला की तिच्या गटातले इंद्रभान आणि पंजाब या दोघांनाही क्षणभर वाटलं, आपल्याला सगळं येतं.

महाराष्ट्र राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील. इंजिनिअरिंग कॉलेजात एक नवाच विषय आला होता, कारखान्यातल्या कामाची मांडणी. पुस्तक वाचून पेपर लिहून मोकळं व्हायची सोय नव्हती. तिघातिघांचे गट करायचे, चालता धंदा शोधायचा, त्या धंद्याची खरीखुरी अडचण हुडकायची आणि ती सोडवून दाखवायची. परीक्षक जागेवर येऊन डोळ्यांनी पाहणार आणि तिथंच पास की नापास ते सांगणार. बाकीचे गट जवळपासच्या तेलगिरण्या धरून बसले. कोकिळा बोलून गेली ती थेट जळगाव जामोदचं नाव. तिथं तिच्या मावशीच्या घरची डाळमिल होती.

इतरांना नापास झालं तर एक वर्ष फुकट जाणार होतं. कोकिळेचं तसं नव्हतं. तिचे वडील रामराव दुसरबीडला रस्त्यालगतचं नांगर-वखरांचं दुकान चालवायचे. माणूस आवाज न चढवता बोलायचा, म्हणून घरात त्यांची जास्तच भीती. सुट्टी संपवून ती निघाली तेव्हा त्यांनी बसच्या खिडकीशी येऊन एवढंच सांगितलं होतं, “पास झालीस तर पुढचं पुढं बघू. गचकलीस तर जालन्याचं स्थळ तयारच हाय. लोक चांगले हायती.”

लोक चांगले हायती, या शब्दांचा कोकिळेला जेवढा धसका बसला तेवढा कुठल्याच गणिताचा बसला नव्हता.

*

जळगाव जामोदला पोचल्या पोचल्या मावशीचे यजमान भगवंतराव तिघांना मिलमध्ये घेऊन गेले. मागे सातपुड्याचे डोंगर, पुढे मोठं आवार, एका बाजूला चक्कीची खोली. भगवंतरावांनी अडचण दोन वाक्यांत सांगितली.

“चक्की माही घोड्यावानी धावते. पण निवडणी होतच नाही हो. थो पाहा ढीग. ट्रक येऊन उभा राह्यते अन् ड्रायव्हर दिवसभर माह्या डोक्याशी बसून बिड्या पेते.”

चक्कीतून तुरीची डाळ भराभर भरडून निघत होती. ती चाळायला, निवडायला आणि पोत्यात भरायला बायका होत्या. त्या बायका आवारभर पांगून बसलेल्या. एक लिंबाखाली, एक पाण्याच्या टाकीमागे, दोघी पार फाटकापाशी. ढीग मधोमध. जिला डाळ लागेल ती उठायची, टोपलं भरून आपल्या जागी जायची, निवडून झालं की परत यायची.

कोकिळेचे डोळे चमकले. पुस्तकातलं चित्रच समोर मांडून ठेवलं होतं.

तिघं कामाला लागले. इंद्रभाननं स्टॉपवॉच धरलं, पंजाबनं टेप धरली, कोकिळा आकडे लिहू लागली. स्टॉपवॉच पाहून झुंबरबाई नावाची एक म्हातारी मनगट पुढे करून बसली.

“पाह्य बरं बाबू, रातच्याला धडधडते.”

“मावशी, हे नाडीचं नाही. तुम्ही किती वेळात निवडता, ते पाहायचं आहे.”

“मंग थे तं तुह्या डोळ्यालेच दिसते. त्याले घड्याळ कायले पाह्यजे?”

सगळ्यात चपळ होती मंजुळाबाई. चाळणी तिच्या हातात भिंगरीसारखी फिरायची. पण कडूबा हमाल पोतं घेऊन आवारात आला आणि खाकरला, की हिचा हात थांबायचा. डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत यायचा आणि तो जाईपर्यंत ती पाठ करून बसायची. कडूबा तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. कोकिळेनं लिहिलं: वाया गेलेला वेळ.

हीच मंजुळाबाई माहेरची वरवट बकालची, आणि इंद्रभानही तिथलाच. पहिल्याच दिवशी तिनं त्याला भाऊ करून टाकलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या हातावर ठेचा-भाकर ठेवली. कोकिळेनं तेही लिहिलं.

निवडणीत सोजराबाई आणि सत्यभामाबाई यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण एक आवाराच्या या टोकाला बसायची, दुसरी त्या टोकाला. सोजराबाई तर ढिगापाशी जाताना सत्यभामाबाईच्या पुढून जायची नाही. सगळ्या टाकीला वळसा घालून जायची. दोघी विहिणी होत्या. सोजराबाईची लेक सत्यभामाबाईच्या घरात दिलेली. कोकिळेनं वळशाची लांबी टेपनं मोजून घेतली आणि शेजारी लिहिलं: वाया गेलेली पावलं.

आता तुम्ही म्हणाल, या पोरीला एवढंही कळू नये? तिच्या स्वतःच्या घरी तिची आई सासऱ्यांसमोरून कधी गेली नव्हती. परसदारातून फिरून यायची. इंद्रभानच्या आणि पंजाबच्या घरी काही वेगळं नव्हतं. पण नवी विद्या ही नव्या चपलेसारखी असते, चालताना माणसाचं सगळं लक्ष पायाकडे. कागदावर मंजुळाबाईची क्रमांक एक झाली होती, सोजराबाईची क्रमांक दोन आणि सत्यभामाबाईची क्रमांक तीन. क्रमांकांना कुठं आले दीर आणि विहिणी.

मांडणी झकास झाली. आवारात चुन्यानं एक सरळ रेघ आखायची. रेघेच्या तोंडाशी कडूबा पोतं ओतणार. मंजुळाबाई चाळून टोपलं सोजराबाईकडे सरकवणार. सोजराबाई मोठे खडे काढून सत्यभामाबाईकडे देणार, तिच्याकडून ते पुढच्या बायकांकडे जाणार आणि शेवटी झुंबरबाई पोतं भरणार. कुणी उठायचं नाही, कुणी चालायचं नाही.

कोकिळेनं बायकांना गोळा करून सगळं समजावून सांगितलं. “जमेल ना हो असं बसायला?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मालकीणबाईंच्या भाचीला नाही कोण म्हणणार? आणि पोर इतक्या हौसेनं विचारत होती.

“हाव,” मंजुळाबाई म्हणाली.

“जमते नं,” सोजराबाई म्हणाली, आणि चुन्याच्या रेघेकडे अशी पाहत राहिली की जणू तिथं पाणी खोल आहे.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम झाली. कडूबा बैल पाहायला बाजाराला गेला होता, म्हणून पोती पंजाबनं ओतली. सत्यभामाबाई भाचीच्या बारशाला गेलेली, म्हणून तिच्या जागी दुसरी बाई बसली. रांग अशी चालली की विचारू नका. टोपली पाण्यासारखी वाहत होती. भगवंतराव फाटकाशी उभे राहून नुसते मान हलवत होते.

“काय बे पंजाब, झालो का नाही आपण पास?” इंद्रभान म्हणाला.

“आता फक्त सरांनी यायचं बाकी हाय,” पंजाब म्हणाला आणि पोत्यांवर पाय पसरून झोपला.

*

परीक्षेचा दिवस उजाडला. ट्रक सकाळीच येऊन लागला होता, व्यापाऱ्याला त्याच दिवशी माल हवा होता. परीक्षक नारायणराव सर शेगावहून बसनं येणार होते. पंजाब त्यांना आणायला स्टँडवर गेला. बस काही येईना. तिकडून आलेल्या एका सायकलवाल्यानं सांगितलं, वरवट बकालपाशी बस पंक्चर होऊन उभी आहे.

कोकिळेला हायसंच वाटलं. बरंच झालं. सर येईपर्यंत रांग चांगली धावती करून ठेवू.

“चला, बसून घ्या आपापल्या जागी,” ती म्हणाली.

बायका रेघेवर बसल्या. सत्यभामाबाई बारशाहून परत आली होती. ती आपल्या जागेपाशी आली, शेजारी सोजराबाई बसलेली पाहिली आणि उभीच राहिली.

“बसा नं, विहीणबाई,” सोजराबाई पदर सावरत म्हणाली.

“तुमी बसा.”

“तुमी उभ्या अन् मी कशी बसू?” असं म्हणून सोजराबाई उठली. मग दोघी उभ्या राहिल्या. कोकिळेनं हात जोडले तेव्हा कुठं दोघी एकदम खाली टेकल्या.

तेवढ्यात कडूबा पाठीवर पोतं घेऊन आला आणि रीतीप्रमाणे खाकरला.

मंजुळाबाईचा पदर हनुवटीपर्यंत आला. चाळणी मांडीवर तशीच राहिली. कडूबाही अब्रूचा माणूस. भावजयीकडे पाहायचं कसं? त्यानं मान सातपुड्याकडे वळवली आणि अंदाजानं पोतं ओतलं. अर्धी डाळ चाळणीत, अर्धी इंद्रभानच्या बुटांत.

“कडूबा, इकडे बघून ओता,” कोकिळा म्हणाली.

“इकडे कसा पाहू, ताई? इकडे माणूस बसलेलं हाय.”

“मंजुळाबाई, तुम्ही तरी हात चालवा.”

पदराआडून काही ऐकू आलं नाही. शेवटी झुंबरबाई रेघेच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून म्हणाली, “थे कशी बोलन पोरी, भासरा उभा हाय नं तिचा.”

कडूबाला दूर पाठवलं. मंजुळाबाईनं पदर मागे घेतला, चाळणी दोनदा फिरवली. पण डाळमिल म्हटली की धूळ आली, आणि धुळीनं कुणी ना कुणी खोकणारच. चक्कीवाला खोकला, हिचा पदर खाली. ट्रकवाला खोकला, पदर खाली. खुद्द भगवंतराव खोकले तेव्हा तर चाळणीच उपडी झाली. प्रत्येक वेळी तिला वाटे, कडूबा आला.

“इंद्रभान, पोती तू उचल,” कोकिळा घाईनं म्हणाली. “सर केव्हाही येतील.”

इंद्रभाननं बाह्या सारल्या आणि पोत्याला हात घातला. मंजुळाबाई तीरासारखी उठली.

“ठेव थे खाली. भाऊ हाय तू माहा. माहेरचा भाऊ माह्यापुढं हमाली करन अन् मी बसून पाहीन? वरवटले कोणत्या तोंडानं जाऊ मी?”

“अगं ताई, परीक्षा आहे माझी.”

“परीक्षा लिवाची असते. पोती उचलाची कोणती परीक्षा?” आणि तिनं पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक इंद्रभान सोडेना. दोघांच्या ओढाताणीत पोत्याची शिवण उसवली आणि डाळ चुन्याच्या रेघेवर पसरली. आता रेघही धड दिसेना.

कोकिळेला डाळीच्या ढिगावर रुखवत मांडलेलं दिसू लागलं, आणि त्याच्यामागे जालन्याचे चांगले लोक.

एवढ्यात रांगेच्या मधल्या भागातून एक बारीक, थंड आवाज आला. “माह्यासाठी काही ठेवलंच नाही म्हणा की.”

ही सत्यभामाबाई. तिच्यापुढं रिकामी जागा. शेजारी सोजराबाई मात्र खाली मान घालून मघाचंच टोपलं निवडत होती, निवडतच होती. मांडणीप्रमाणे तिनं फक्त मोठे खडे काढून टोपलं पुढं द्यायचं होतं. पण मुलाकडच्या विहिणीच्या हातात खडे असलेली, अर्धीमुर्धी डाळ द्यायची? पोटची पोर त्या घरात नांदत होती. सोजराबाई एक एक दाणा पारखत होती.

“सोजराबाई, द्या हो पुढे,” कोकिळा काकुळतीला आली.

सोजराबाईनं टोपलं दोन्ही हातांनी, वाकून, विहिणीपुढं ठेवलं. सत्यभामाबाईनं डाळीत बोटं फिरवली. निवडायला एक काडीसुद्धा उरली नव्हती.

“आता मी का करू? हात जोडून बसू?”

“तुमाले तरास नको म्हणून साफ करून देल्ली.”

“तरास! लग्नात पाय धुवाच्या वक्ती नाही आठवला आमचा तरास. थंडं पाणी घातलं होतं माह्या पायावर, माघ महिन्यात.”

“चूल इझली होती हो, विहीणबाई. सांगतलं होतं तवाच.”

“माह्याच पायाच्या वक्ती बरी इझली.”

रांगेतल्या बायकांनी टोपली खाली ठेवली. अर्ध्या त्या लग्नाला गेलेल्या होत्या. पाणी थंड होतं की कोमट, यावर दोन्हीकडून साक्षी निघू लागल्या. झुंबरबाई म्हणाली, पाणी कोमट होतं पण वारा थंड होता. कोकिळेनं घाईघाईनं सोजराबाईला उठवून सगळ्यांच्या पुढं, मंजुळाबाईच्या जागी बसवलं. तशी सत्यभामाबाई म्हणाली, “हाव, पोरीच्या आईलेच वर बसवा.” हे ऐकून सोजराबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि टोपलं तसंच टाकून ती टाकीमागे जाऊन बसली.

चक्की तिकडे घोड्यासारखी धावत होती. ढीग कोकिळेच्या कमरेएवढा झाला होता. ट्रकवाल्यानं दुसरी बिडी पेटवली.

भगवंतराव आवाराच्या मधोमध आले. माणूस सोशिक, पण ट्रककडे पाहून त्यांचा धीर सुटला. “उठा. समद्या उठा. जिथी बसत होत्या तिथी जाऊन बसा. अन् कोकिळे, तू घरात जाऊन पाणी पे.”

बायका उठल्या. लिंबाखालची लिंबाखाली, फाटकापाशीच्या फाटकापाशी. मंजुळाबाई भिंतीकडे तोंड करून बसली आणि चाळणी पुन्हा भिंगरी झाली. सोजराबाईनं टाकीमागे, सत्यभामाबाईनं दुसऱ्या टोकाला, दोघींनी एकमेकींकडे न पाहता सुपं उचलली. राग कुठंतरी काढायचा होता, तो डाळीवर निघाला. अशी निवडणी त्या मिलनं कधी पाहिली नव्हती. एकीचं टोपलं भरलं की दुसरी मान उंच करून बघायची आणि हात आणखी जोरात चालवायची. बाकीच्या बायका आपापल्या बाजूची लाज राखायला त्यांच्यामागे धावत होत्या. कडूबा पाठमोऱ्या भावजयीच्या मागे पोतं ओतून बिनघोर निघून जात होता. ढीग बसत चालला.

कोकिळेनं यातलं काही पाहिलं नाही. ती आवाराच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

*

“पोचलो एकदाचा,” फाटकातून आवाज आला.

नारायणराव सर. धोतरावर धूळ, मागे त्यांची पिशवी घेतलेला पंजाब. पंजाबनं आवारभर पांगलेल्या बायका पाहिल्या, कोकिळेचा चेहरा पाहिला, आणि पायरीवरची मांडणीच्या नकाशाची गुंडाळी उचलून हळूच बुडाखाली घेऊन बसला.

सर मात्र उभेच राहिले. चष्मा पुसून पुन्हा घातला. बायकांचे हात पाहिले, खाली गेलेला ढीग पाहिला, ट्रकवर चढणारी पोती पाहिली. मग त्यांचं लक्ष खाली गेलं.

“ही चुन्याची रेघ कसली? पूर्वी या बायका अशा एका रांगेत बसायच्या की काय?”

इंद्रभान पुढं होऊन म्हणाला, “बसायच्या, सर.”

“कधीपर्यंत?”

“आत्ता आत्तापर्यंत, सर.”

“अरेरे,” सर हळहळले. “आणि ही मोकळी मांडणी तुम्ही केलीत.”

आता मात्र कोकिळेला राहवेना. जालना तर जालना. “नाही सर. ही मांडणी आमची नाही. या बायकांचीच आहे. कुणी कुठं बसायचं ते त्यांचं त्यांनीच ठरवलेलं आहे.”

पंजाबनं तिच्या पायावर पाय दिला. पण सरांचा चेहरा उजळला होता.

“कामगारांना विचारून मांडणी केलीत? अहो, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आहे. तिथपर्यंत आमचं एकही पोर पोचत नाही. भगवंतराव, तुम्ही सांगा, या मुलांनी काही फरक पाडला का?”

भगवंतरावांनी भाचीकडे पाहिलं. ती चुन्याच्या रेघेकडे पाहत होती. त्यांनी उसवलेल्या पोत्याकडे पाहिलं, मग भरत आलेल्या ट्रककडे पाहिलं.

“सर,” ते सावकाश म्हणाले, “या पोट्ट्याईनं आज जे केलं, तसं माह्या मिलमंदी आजपावतर कोणी केलं नाही.”

तिघंही पास झाले. वर्गात पहिले आले.

संध्याकाळी अन्नपूर्णा मावशीनं सरांना जेवू घातलं. हात धुता धुता ते म्हणाले, “कोकिळाबाई, मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे. आमच्याकडची नाती म्हणजे मोठं अवघड प्रकरण. कोण कुणाशेजारी बसलं की बिघडतं, मला आजवर कळलं नाही. पंगतींची मांडणी तुमच्याकडे.”

नाही कसं म्हणणार? महिनाभर कोकिळेला झोप लागली नाही. पण यावेळी तिनं ना स्टॉपवॉच काढलं, ना टेप. सरांच्या बायकोपाशी बसून कोण कुणाची विहीण, कोण कुणाचा भासरा, कुणाच्या पायावर कुठल्या लग्नात थंड पाणी पडलं, सगळं विचारून घेतलं. पंगती अशा बसल्या की एक पान उलटं पडलं नाही, एक माणूस रुसला नाही.

त्या पंगतीत जालन्याची एक बाई जेवत होती. सरांच्या बायकोची दूरची बहीण. तिनं वाढपातून फिरणाऱ्या त्या पोरीला नीट न्याहाळलं, कुठली, कुणाची, ते विचारलं, आणि आठ दिवसांत दुसरबीडच्या दुकानापुढं जीप उभी राहिली. तेच स्थळ, ती बाई मुलाची आई. रामराव लेकीला म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं? लोक चांगले हायती.”

नोकरी करीन, ही अट घालून कोकिळेनं होकार दिला. लग्न दुसरबीडला थाटात झालं. मंगलाष्टकं चालू असताना नवरी सारखी अंतरपाटाच्या कडेनं मान काढून पाहत होती. बायका हसून एकमेकींना म्हणाल्या, भलतीच उतावीळ दिसते बाई नवऱ्याचं तोंड पाहायला. ती बिचारी मांडवाच्या टोकाला पाहत होती. जळगाव जामोदहून सोजराबाई आणि सत्यभामाबाई दोघी एकाच बसनं आल्या होत्या, आणि गर्दीत कुणीतरी त्यांना शेजारी शेजारी बसवलं होतं.